आजी ओरडते तेव्हाचा वास

त्याची-माझी ओळख झाली ती नाकात गेलेल्या बटणामुळे.

बटण माझ्या कोटाच्या बाहीचं होतं आणि नाक माझ्या लेकीचं. सकाळी कोट चढवताना बटण गायब दिसलं, आणि लेक पलंगाच्या कडेला शहाण्यासारखी गप्प बसलेली. ती गप्प बसली की काहीतरी घडलेलं असतं. मुठी उघडून बघितल्या, तोंड उघडायला लावलं, जिभेखाली बोट घातलं... शेवटी तिनेच मोठ्या अभिमानाने डाव्या नाकपुडीकडे बोट दाखवलं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे बाहेरपर्यंत माणसं बसलेली. थंडीचे दिवस, बाहेर धुकं, आणि आत सगळे आळीपाळीने खोकत होते. मी लेकीला मांडीवर घट्ट धरून बसले.

"हलू नकोस. शिंकू नकोस. वर ओढू नकोस."

"श्वास तरी घेऊ द्या की तिला," शेजारून कोणीतरी म्हणालं.

मी वळून बघितलं. राखाडी मफलर, दाढी न केलेली, आणि चष्मा डावीकडे कललेला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. माणूस दिसायच्या आधी मला त्याची फ्रेम दिसते.

"बटण गेलंय तिच्या नाकात," मी फणकाऱ्याने म्हटलं. "तुमच्या मुलांच्या गेलं असतं म्हणजे कळलं असतं."

"मला मुलं नाहीत. नाकही नाही."

मी त्याच्या नाकाकडे नीट बघितलं. होतं की! सरळ, ठसठशीत, फ्रेम बसवताना हाताला बरं वाटावं असं.

"आहे की चांगलं," मी म्हणून गेले, आणि मग जीभ चावली.

तो हसला. "ते नुसतं दर्शनी आहे. आत अंधार. ताप आला होता. जाताना वास घेऊन गेला."

लेकीने मान वळवून त्याला न्याहाळलं. "म्हणजे तुला शूचासुद्धा वास येत नाही?"

"नाही."

"मज्जा आहे तुझी."

मी तिला दटावलं, पण तो इतका मोठ्याने हसला की खोकणारेसुद्धा थांबले. मग म्हणाला, "बाई, मज्जा असती हो, मी दुसरं काही काम करत असतो तर. मी चहा चाखतो."

"टपरीवर?"

"कंपनीत. लांबलचक टेबल, त्याच्यावर पांढऱ्या कपांची रांग. एकेका कपातला घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि सांगायचं — हा घ्या, हा नको. माझ्या शब्दावर पोत्यांची पोती येतात." आवाज खाली आला. "जीभ शाबूत आहे. पण जिभेला काय कळतं हो? कडू, गोड, आंबट, खारट. बाकी सगळी कारागिरी नाकाची. कंपनीत अजून कोणाला सांगितलेलं नाही."

मला का सांगितलं, ते विचारायच्या आत आमचा नंबर आला.

बटण निघालं. लेकीने ते परत मागून घेतलं, वर डॉक्टरांना "सांभाळून काढा हं" असंही म्हणाली. मी बाहेर येऊन हातरुमालाने घाम पुसत होते — थंडीत घाम! — तोवर तोही आत जाऊन आला. हातात चार छोट्या बाटल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी.

"रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचं म्हणे. आणि हुंगताना तो वास आठवायचा. नाक परत शिकेल... किंवा नाही शिकणार." त्याने लिंबाची बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले, उघडले. "मला आठवतच नाहीये. लिंबू कसं होतं?"

"लिंबू?" मी विचार न करता म्हटलं, "अंधाऱ्या खोलीत कोणीतरी एकदम पडदा सरकवला ना, तसं."

तो बाटली हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मला अवघडल्यासारखं झालं. अशा वेळी माझे हात काम शोधतात. "द्या तो चष्मा इकडे," मी म्हटलं, आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता काढूनच घेतला. काडी अंगठ्याखाली धरून हलकेच वाकवली, परत घातली, कानामागे बोट फिरवून बघितलं. नेहमीचं काम. दिवसभर हेच करते. पण कानामागची ती जागा उबदार होती, आणि माझं बोट तिथे जरुरीपेक्षा थोडं जास्त थांबलं.

"सरळ झालं जग," तो म्हणाला. "आता बाकीच्या तीन बाटल्याही सांगून ठेवा."

मी त्याचा नंबर फोनमध्ये 'नाक बंद' म्हणून टाकला. त्याने डोकावून बघितलं आणि माझा टाकला — 'नाक चालू'.

*

लेकीचा बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. सकाळी डबा घेऊन बाहेर पडला, आणि दुपारच्या आत मला अपघाताचा फोन आला, रस्त्यावरून. तेव्हापासून माझं शहर म्हणजे घर, पाळणाघर आणि दुकान. तिन्ही चालत गाठता येतात, आणि तिथून धावत परत येता येतं. नदीवरच्या पुलापलीकडे मी गेलेच नव्हते. गॅसचं बटण बंद आहे ना, हे जिन्यातून परत वर येऊन बघायचं. लेक झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरायचं. सासूबाई बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं." त्यांच्या 'बरं'मध्ये कादंबरी असते.

आमचा सौदा आपोआप ठरला. मी त्याला वास पाठवायचे, तो मला शहर.

मी लिहायचे: 'गरम केलेली फ्रेम — नव्या दप्तराच्या आतल्या कप्प्यासारखी.' 'आजचं धुकं — ओलं लोखंड.' 'लेकीचं डोकं, झोपून उठल्यावर — उन्हात टाकलेली उशी.'

तो लिहायचा: 'चित्रांच्या प्रदर्शनात आलोय. पहारेकरी खुर्चीत झोपलाय आणि त्याच्यामागच्या चित्रातली बाई त्याच्याकडे रागाने बघतेय.' 'पुलावर एक म्हातारा व्हायोलिन वाजवतो. हातमोजे फाटलेले, बोटं निळी. सूर मात्र एकही थरथरत नाही.' 'बागेतल्या मोठ्या झाडाने काल सगळी पानं एकदम टाकली. कंटाळला असणार.'

कधीकधी मात्र नुसतं असं यायचं: 'मित्रांबरोबर बिअर. थंड. कडू. फेस. सगळे म्हणतात फर्मास आहे. मीही म्हटलं, फर्मास आहे.'

ते वाचून मी दुकानात गिऱ्हाइकासमोर उभी राहून स्क्रू उलटा फिरवत बसले होते.

मग तो घरी यायला लागला. आधी म्हणे फ्रेमचा स्क्रू ढिला झाला. मग दुसरा ढिला झाला. सासूबाईंनी एकदा चष्मा हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "चांगला चष्मा करून घे रे बाबा एखादा. हा रोज मोडतो."

"हो काकू."

"का मुद्दाम मोडतोस?"

तो लाल झाला. सासूबाई म्हणाल्या, "बरं." आणि त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला. त्याने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गडबडीत थुंकायला भांडं शोधायला लागला. सवय! लेक हसून हसून जमिनीवर लोळली. सासूबाईंच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. "इतका वाईट झालाय?"

"नाही हो काकू! मला कळतच नाही, कसा झालाय ते." त्याने घोट गिळला. "गरम आहे. एवढं नक्की."

सासूबाईंनी त्याच्या कपात आणखी थोडा ओतला.

लेकीने त्याला नाव दिलं — नाककाका. तो तिला बटण मॅडम म्हणायचा. दोघांचा एक खेळ होता. ती घरभर हुंगत फिरायची आणि वास सांगायची, तो विचारायचा, "कसला?" तिची उत्तरं तिच्या कारखान्यातली. "शाळेला सुट्टी असते तसला." "आई रडून येते आणि नाही म्हणते तसला." ती उत्तरं तो मला दुकानात पाठवायचा: 'बटण मॅडमची नोंद.' आणि मी काउंटरखाली फोन धरून हसायचे, किंवा हसायचे नाही.

एक गोष्ट त्याला माहीत नव्हती, कारण त्या दिवशी तो नव्हता. सासूबाई आवाज चढवत नाहीत. मुलगा गेला तेव्हाही त्या ओरडल्या नव्हत्या. एकदाच ओरडल्या — दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि गॅस तसाच सुटत राहिला तेव्हा. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सासूबाई अशा किंचाळल्या की भिंतीपलीकडून शेजारीण धावत आली. लेकीला तो वास आणि ती किंकाळी एकाच गाठोड्यात मिळाली.

*

पुलापलीकडे मी गेले ती त्याच्याबरोबर. रविवार होता, लेकीला सासूबाईंनी ठेवून घेतलं होतं. "जा," म्हणाल्या. "फोन करत बसू नकोस दर पाच मिनिटांनी. मी एक माणूस वाढवलाय."

नदीकाठी आम्ही बाकावर बसलो, कागदी कपात कॉफी. व्हायोलिनवाला त्या दिवशी आला नव्हता. पाण्यावरून गार वारा येत होता आणि मी फोन हातात धरून बसले होते.

"कॉफी कशी आहे?" त्याने विचारलं.

"जळकी. पण चांगली जळकी. कोणीतरी शेकोटी विझवून नुकतंच उठून गेलंय तशी."

त्याने कप नाकाशी धरला, बराच वेळ. मग खाली ठेवला. "कंपनीत कळलं," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे वळले.

"बुरशी लागलेला माल मी पास केला. रंग चांगला होता, पान चांगलं होतं. मी डोळ्यांनी काम चालवत होतो ना... आणि शेजारच्या वरिष्ठांच्या चेहऱ्याकडे चोरून बघून. त्या दिवशी ते मुद्दाम माझ्याकडे बघत राहिले. माझ्यानंतर त्यांनी तोच घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग कप ओतून टाकला. सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत. बाहेर येऊन म्हणाले, तू सांगतोस की मी सांगू?"

"मग?"

"मी सांगितलं. आता गोदामात आहे. खोक्यांना लेबलं लावतो." तो हसायचा प्रयत्न करत होता. "सगळं गोदाम चहाच्या वासाने भरलेलं आहे, असं म्हणतात."

मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला. ठेवला म्हणजे... फोन खाली ठेवावा लागला त्यासाठी. त्याने फोनकडे बघितलं, मग हाताकडे.

"मोठाच मान दिलात," तो म्हणाला.

"उगाच चढू नका."

"तू म्हणू का तुला?"

"मनातल्या मनात म्हणतच असाल."

"कधीपासून."

"मग आता मोठ्याने म्हण," मी म्हटलं. पुलावर दिवे लागायला लागले होते आणि मला घरी परतायची घाई झाली नव्हती. ही गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी घाबरले.

*

पुढच्या शनिवारी दुकानात वर्षाचा माल मोजायचा होता. सगळ्यांनी थांबायचं. सासूबाई बहिणीकडे गेलेल्या, पाळणाघराला सुट्टी. मी सकाळपासून नखं कुरतडत होते.

"मी बसतो तिच्याजवळ," तो म्हणाला. "सुट्टीच आहे मला."

"एकटा?"

"दोघं. ती आणि मी."

मी त्याला सगळं सांगितलं. खिडकीशी खुर्ची ठेवायची नाही. दूध कोमट. औषध कुठे, शेजारीण कुठे, बाहेरच्या दाराची वरची कडी. तो प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता. त्याला वास येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं... आणि दोघांच्याही डोक्यात नव्हतं. आमच्या सगळ्या गप्पा वासाच्या. वास म्हणजे आमची गंमत, आमचा खाऊ. वास म्हणजे धोक्याचा भोंगासुद्धा असतो, हे मी, गॅसचं बटण बघायला जिन्यातून परत येणारी बाई, विसरले होते.

दुपार कलली. मी काउंटरमागे बसून फ्रेमचे खोके मोजत होते. फोन वाजला.

'बटण मॅडमची नोंद: "घरात आजी ओरडते तेव्हाचा वास येतोय." आजींच्या ओरडण्याला वास असतो हे मला नवीन. कधीपासून विचारतोय कसला, तर हेच. नाक मुरडून बसल्यात. आम्ही दिवा लावून आता आजीला फोन करणार आहोत.'

माझ्या हातातला खोका पडला. फ्रेमा जमिनीवर पसरल्या.

फोन लागला. त्याने हसतच उचलला. "वाचलीस? ही मुलगी एक दिवस..."

"दिवा लावू नकोस."

"काय?"

"कशाला हात लावू नकोस. तिला उचल. आत्ता. दार उघड आणि खाली जा. गॅस आहे."

खुर्ची पडल्याचा आवाज, लेकीचं "अरे!", दाराची कडी. वरची कडी, जी मीच त्याला लावायला सांगितली होती. ती अडकते. मी फोन कानाला लावून रस्त्यातून धावत होते आणि ती कडी ऐकत होते. खट. खट. खट... आणि मग जिन्यात पावलं.

मी पोहोचले तेव्हा दोघं समोरच्या फुटपाथवर होते. लेक त्याच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली, पाय उघडे. तो नुसत्या शर्टावर. शेजारणीने तोंडाला ओढणी बांधून शेगडी बंद केली होती, खिडक्या उघडल्या होत्या. वरून ओरडून सांगत होती, काही झालं नाही, काही झालं नाही. दूध उतू गेलं होतं. आच विझली होती. लेकीने आतून हाक मारली म्हणून तो गेला, परत आला, आच विझलेली बघितली आणि समजला की आपणच बंद केली. ओटा पुसला. दूध तिला दिलं, कोमट. मग दोघं वास-वास खेळत बसले.

मी लेकीला त्याच्या हातातून घेतलं.

"मला वास आला नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"ती सांगत होती. मी... लिहून घेत होतो."

त्याचं तोंड बघवत नव्हतं. चष्मा डावीकडे कलला होता. माझा हात वर गेला नाही.

"तुम्ही आता घरी जा," मी म्हटलं.

ते 'तुम्ही' त्याला कुठे लागलं ते मला दिसलं. मी आणखी एकदा म्हटलं असतं. लेक माझ्या खांद्यावरून म्हणाली, "नाककाका, तुझा स्वेटर." तो तोवर रस्ता ओलांडत होता.

*

नंतर त्याने एकच मजकूर पाठवला: 'तू बरोबर आहेस.' मी उत्तर दिलं नाही. मी बरोबर होतेच. रोज सकाळी उठून मी स्वतःला सांगायचे, मी बरोबर आहे. लेकीचे केस हुंगायचे आणि उन्हातली उशी कोणाला पाठवायची नाही म्हणून चरफडायचे. दुकानात माणसं यायची, नाकं यायची. सरळ, बसकी, पोपटासारखी. सगळी चालू.

लेक विचारायची, "नाककाका कधी येणार?"

"त्यांना काम आहे."

"मी वास सांगितला म्हणून रागावला?"

मी तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं की तू सांगितलास म्हणून तर... ती माझ्या मानेला नाक लावून म्हणाली, "हा तसलाच वास आहे. रडून येते आणि नाही म्हणते तसला."

सासूबाई भाजी निवडत हे सगळं ऐकत होत्या. 'बरं'ची वाट बघत मी उभी राहिले. 'बरं' आलं नाही.

"स्वेटर धुतलास का त्याचा?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"का?"

स्वेटर माझ्या उशीखाली होता. त्यांनाही माहीत असणार.

"आई, त्याला वास येत नाही. उद्या परत काही झालं तर? मी कोणावर..."

"त्याला येत नाही," त्या म्हणाल्या. "मला येतो, मी बहिणीकडे गेले होते. तुला येतो, तू दुकानात होतीस." त्यांनी एक पान तोडलं, बाजूला ठेवलं. "माझ्या मुलाला तर सगळं यायचं गं. वास यायचा, दिसायचं, ऐकू यायचं. रस्ता बघूनच ओलांडायचा तो. लहानपणापासून."

त्या भाजी निवडत राहिल्या. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. आम्ही दोघींनी ती जुडी निवडून संपवली, आणि त्याच्याबद्दल, दोघांपैकी कोणाबद्दलच, आणखी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना मी एक छोटी पांढरी डबी आणली. भिंतीवर लावायची. गॅस सुटला की ती वाजते. शेजारणीच्या नवऱ्याने ती शेगडीजवळ बसवून दिली. मग मी फोन उघडला. 'नाक बंद' खाली कुठेतरी गेलं होतं, वर आणलं.

'घरात एक नाक बसवून घेतलंय. भिंतीवर. कधीही शिंकत नाही, चहाला नावं ठेवत नाही. येऊन बघ. स्वेटर इथेच आहे.'

मी 'बघ' लिहिलं, मग 'बघा' केलं, मग परत 'बघ'. आणि पाठवून दिलं.

*

तो आला तो दारातच उभा राहिला. वाळला होता. हातात काही नव्हतं, चष्म्याचं निमित्तही नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"बाटल्या चालू ठेवा म्हणाले. पण तोंडावरून कळतं ना... येणार नाही बहुतेक." तो सरळ बोलला. "गोदामातच राहीन मी. तुला खोटी आशा नको."

"मी आशा मागितली का?"

"नाही. चष्मा मागतेस नेहमी."

मी त्याचा चष्मा काढून घेतला. काडी सरळ केली. परत घातला. कानामागे बोट फिरवलं... आणि ह्या वेळी तिथेच राहू दिलं.

"एक विचारू?" तो अगदी हळू म्हणाला. "सगळे वास सांगितलेस. तुझा कधी सांगितला नाहीस."

"माझा?" कोणी असं विचारलं नव्हतं कधी. "तापलेलं प्लास्टिक. लेकीचं दूध. साबण, स्वस्तातला. आणि भीती. पुष्कळ."

"भीतीला वास असतो?"

"असतो. सगळ्यांना येतो. लोक जरा लांबच बसतात."

"मला नाही येणार," तो म्हणाला. "कधीच."

मी हसले, आणि हसताना डोळे भरले, आणि नेमकी तेव्हाच लेक धावत आली. "नाककाका, डबी बघ! बटण दाब! दाब ना!" तिने त्याला ओढत आत नेलं. त्याने डबीवरचं तपासायचं बटण दाबलं. डबी अशी किंचाळली की मी दचकून भिंतीला धरलं.

लेकीने दोन्ही कानांवर हात ठेवले. चेहरा आनंदाने फुललेला. "आजी!" ती ओरडली. "आजी भिंतीत गेली!"

"मेलीचं तोंड बघ," सासूबाई आतून म्हणाल्या. पण बाहेर आल्या त्या खांद्यावर पिशवी घेऊन. "दूध संपलंय," माझ्याकडे बघून म्हणाल्या. "चल. आणू आपण."

"मी एकटी जाते आई, तुम्ही..."

"मला पाय मोकळे करायचेत." चपला घालून त्या बाहेर पडल्यासुद्धा.

मी उभी राहिले. तो माझ्याकडे बघत होता. 'नको जाऊस' म्हटलं असतं त्याने, तर मी राहिले असते. 'जा' म्हटलं असतं, तरी राहिले असते. तो मान खाली घालून लेकीच्या मोज्याचा गोळा उलगडत बसला.

"वरची कडी लावू नकोस," मी म्हटलं. "अडकते ती."

आणि दार ओढून घेतलं.

सासूबाईंची पावलं खाली खाली जात होती. मी जिन्याच्या वळणावर थांबले. कठड्याला धरलं. आत काही ऐकू येतंय का... लेकीचं हसू, काहीतरी सरकल्याचा आवाज, मग शांतता. ती गप्प बसली की काहीतरी घडलेलं असतं. मी एक पायरी वर चढले.

फोन वाजला.

'बटण मॅडम दाराच्या फटीला नाक लावून बसल्यात. नोंद: "आईचा वास अजून जिन्यातच आहे."'

मी कठडा सोडला, आणि खाली उतरायला लागले.